घोरणाऱ्याची उशी घ्यायच्या आधी हातात टेप घ्या

आमच्या ह्यांना स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत मधेमधे श्वास थांबायचा आजार, निघाला हे नातेवाईकांत कळल्यापासून मला जो तो एकच विचारायलाय, कुठली उशी घेतली, लिंक पाठव की. लिंक पाठवून काय होणार सांगा. मी जुळे सोलापुरात घरीच शिवणकाम करते, कैक वर्षं झाली, आणि एकीचं ब्लाऊज दुसरीला बसत नाही तशीच एकाची उशी दुसऱ्याला बसत नाही एवढं मी छातीठोकपणे सांगते. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते, म्हणजे फोनवर तेच तेच बोलायला नको.

घोरणं म्हणजे गाढ झोप असं आमच्या घरात सगळ्यांचंच मत. आत्या तर कौतुकानं सांगायच्या, दिवसभर कारखान्यात राबतोय पोरगा, पडला की लागली बघ झोप. पण शेजारी झोपणाऱ्या माणसाला वेगळंच दिसतं हो. घोरणं चालू असतं, चालू असतं, आणि मधेच एकदम बंद. पोट हलतंय, छाती हलतेय, पण नाकापुढं बोट धरलं तर हवाच नाही, आणि मग केव्हातरी दचकल्यागत मोठ्ठा श्वास, जरा हालचाल, आणि परत घोरणं सुरू. सकाळी उठले की म्हणणार डोकं जड झालंय, तोंड कोरडं पडलंय, रात्री लघवीला किती वेळा उठलो काय की. दुपारी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात खुर्चीवर बसल्या बसल्या डुलकी, ते एकवेळ ठीक, पण गाडीवर असताना डोळा लागायला लागला तेव्हा मी म्हणलं आता बास, डॉक्टरला दाखवायचंच.

आणि खरं सांगू का, मला आधीच शंका यायला पाहिजे होती असं आमच्या डॉक्टरांनी हसत हसत म्हणलं, कारण त्यांनी टेप काढून ह्यांचा गळा मोजायला घेतला आणि मी त्यांच्या आधीच बोलले, सतरा सव्वासतरा भरेल बघा. ह्यांचे शर्ट मीच शिवते ना. लग्नात साडेपंधराची कॉलर होती, मग सोळा, मग साडेसोळा. पुरुषाचा गळा १७ इंचाच्या वर आणि बाईचा १६ च्या वर गेला की ह्या आजाराचा धोका वाढतो म्हणे, मानेभोवती चरबी वाढते तशी आतली श्वासाची नळी पण चेपते. टेलर लोकांनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे, गिऱ्हाईकाची कॉलर वाढत चालली तर नुसतं कापड जास्त लागेल म्हणून थांबू नका.

टेस्ट घरीच झाली, बोटाला ऑक्सिजनची चिमटी, नाकात बारीक नळी, छातीला पट्टा, असं सगळं बांधून रात्रभर झोपायचं. रिपोर्टमध्ये एएचआय म्हणून एक आकडा येतो, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा अर्धवट झाला, आणि प्रत्येक वेळी कमीत कमी १० सेकंद तरी थांबला तरच तो मोजतात. ५ च्या खाली नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर गंभीर. ह्यांचा आला १८. पण सगळे हाच आकडा बघून रिपोर्ट कपाटात टाकतात, आणि उशीसाठी खरी कामाची ओळ त्याच्या खाली असते. तिथं उताणं झोपल्यावर किती आणि कुशीवर किती असं वेगळं लिहिलेलं असतं. ह्यांचा उताणं २९ आणि कुशीवर ८. उताण्याचा आकडा कुशीवरच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असला तर त्याला पोझिशनल म्हणतात, आणि उशीचा खरा उपयोग अशाच माणसाला होतो. दोन्हीकडं सारखाच आकडा असेल, म्हणजे कुशीवर पण २५ आणि उताणं पण २७, तर मग बाजारातली सगळ्यात महागाची उशी आणली तरी फार काही होणार नाही. आणि ॲप्नियात एक प्रकार असा पण असतो की नळी बंद होत नाही, मेंदूकडनंच श्वास घ्यायचा निरोप जात नाही, त्याला सेंट्रल म्हणतात, तिथं उशी काय करणार बिचारी. तर रिपोर्टमधली ती ओळ वाचल्याशिवाय एक रुपया पण घालवू नका, हे माझं पहिलं सांगणं.

उताणं झोपलं की होतं काय, झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, खालचा जबडा मागं सरकतो, जीभ आणि पडजीभ घशात मागं पडते, आणि श्वासाची वाट अरुंद होते किंवा बंदच होते. कुशीवर वळलं की तेच वजन बाजूला जातं. म्हणजे उशीला कामं दोनच, एक तर माणसाला रात्रभर कुशीवर ठेवणं आणि दुसरं म्हणजे मान सरळ ठेवणं. तिसरं कुठलंही काम उशीवाला सांगायला लागला की समजून जायचं.

ह्यात मानेचा मुद्दा लोकांना लवकर पटत नाही. घोरतोय ना, मग दोन उशा दे डोक्याखाली, असं आमच्याकडं कोणीही सांगतं. आता तुम्हीच करून बघा, उताणं झोपा, दोन जाड उशा घ्या डोक्याखाली. हनुवटी छातीला टेकते का नाही? मान पुढं वाकली की घशातली वाट आणखीच चेपते. कोणी बेशुद्ध पडलं तर प्रथमोपचारात कपाळ मागं करून हनुवटी वर उचलायला शिकवतात ते कशासाठी, वाट मोकळी व्हावी म्हणूनच ना. आणि दोन उशा घेऊन आपण बरोब्बर त्याच्या उलटं करतो.

आता मापाचं सांगते, आणि हे जरा नीट वाचा कारण ह्याला पैसे लागत नाहीत. सोलापुरात कुणाच्याही घरात नॅपकिन-टॉवेलला तोटा नाही, आणि कारखान्यातला माणूस घरात असला की सेकंडचा माल कपाट उघडलं की अंगावर पडतो. एक पातळ, कडक अशी उशी घ्या. माणसाला आपल्या नेहमीच्या गादीवर, नेहमीच्या कुशीवर झोपवा. गादी नेहमीचीच पाहिजे हं, हॉलमधल्या दिवाणावर माप घेऊन बेडवर वापरलं तर सगळं चुकतं, कारण कापसाच्या कडक गादीवर खांदा रुतत नाही म्हणून उशी उंच लागते, आणि मऊ फोमच्या गादीत खांदा आत जातो म्हणून तीच उशी जास्त होते. मग एकेक टॉवेल चौपदरी घडी करून उशीच्या खाली सरकवत जायचं. मी काय केलं, ह्यांना उघड्या अंगानं झोपवलं आणि मार्किंगच्या खडूनं मानेच्या मागं ठिपके दिले. मान आणि पाठ जिथं मिळते तिथं एक हाड वर आलेलं असतं बघा, आम्ही पाठीची उंची मोजायला टेप तिथनंच लावतो, तिथं एक ठिपका, त्याच्या खाली पाठीच्या कण्यावर दोन-तीन, आणि वर केसांच्या खाली एक. मग मोबाईलवर मागनं फोटो. पहिल्या फोटोत वरचा ठिपका खाली लोंबलेला, म्हणजे उशी कमी पडतेय. टॉवेल वाढवत गेले तसा ठिपका वर येत गेला, एक टॉवेल जास्त झाल्यावर उलट्या बाजूला वर चढला, मग तो एक काढला. सगळे ठिपके एका रेषेत आले तिथं थांबले. पोरगा दारात उभा राहून हसायलाय, आत्या विचारायल्यात काय जादूटोणा चाललाय, आणि हे म्हणायलेत थंड लागतंय खडू, लवकर आटप.

त्या वेळेला उशी आणि टॉवेल मिळून किती उंची झाली ते मोजायचं, पण डोकं उचलून नाही, डोकं ठेवलेलं असतानाच. हाच सगळ्यात मोठा घोळ असतो, दुकानात उशीवर लिहिलेली उंची ही रिकाम्या उशीची असते, डोकं ठेवलं की सावरीची किंवा फायबरची उशी निम्म्यावर येते. ह्यांचं दाबलेलं माप आलं ५ इंच. माझं त्याच पद्धतीनं काढलं तर ४ च्या आसपास. आत्यांचा खांदा लहान, त्यांना त्याहून कमी. एका घरात, एकाच कापसाच्या गाद्यांवर तीन मापं, आणि मग सांगा लिंक कुणाला पाठवू.

माप कळल्यावर कशाची घ्यायची हा प्रश्न. आमच्या धाकट्या दिरांनी पुण्याहून मेमरी फोमची एक ऑनलाईन मागवून पाठवली होती, चांगल्या भावनेनं पाठवली होती त्यामुळं काही बोलता येत नाही. मेमरी फोम मुळात १९६६ च्या सुमारास अमेरिकेच्या नासासाठी विमानातल्या सीटला म्हणून केलेला, अंगाच्या उष्णतेनं मऊ पडून शरीराचा आकार घेणं हाच त्याचा गुण. पण इथं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढं जातो, रात्री भिंती तापलेल्या असतात, आणि तो फोम उष्णतेनं आणखी मऊ पडतो. जी उशी डिसेंबरात ५ इंच राहायची तीच मेमध्ये दबून खाली जाते, वर मान घामानं चिंब. एसी असेल तर गोष्ट वेगळी. पाकीट फोडल्यावर वास पण असतो, तो एक-दोन दिवस वाऱ्याला ठेवली की जातो. पण आत्यांनी सवयीनं ती गच्चीवर उन्हात टाकली होती, मी पळत जाऊन आणली. कापसाच्या उशीला ऊन पाहिजेच, फोम आणि लॅटेक्सला कडक ऊन चालत नाही, ते लवकर खराब होतात.

लॅटेक्स म्हणजे रबराच्या चिकाची उशी, तिला बारीक भोकं असतात, गरम कमी होते आणि दाबली की परत वर येते, उंची टिकते. महाग असते. कापसाची म्हणाल तर ताजी पिंजून भरलेली असली की झकास, पण काही महिन्यांत गाठी होऊन बसते, आणि डोक्याच्या जागी खड्डा. पण कापसाला एक मोठा फायदा आहे जो कुठल्या जाहिरातीत कोणी सांगत नाही, आपल्या मापानं कमी-जास्त भरून मिळते. गादीवाल्याकडं जाऊन म्हणायचं, ५ इंच दाबून राहिली पाहिजे, कडक भरा. तो आधी आपल्याकडं बघतच राहतो, ह्या बाई कुठल्या म्हणून, पण भरून देतो. मी शेवटी ह्यांना मधे फोमचा कडक तुकडा आणि दोन्ही बाजूंनी कापूस अशी करून घेतली, खोळ घरचीच, कॉटनची. ती बसली. मानेखाली जरा उंच आणि डोक्याच्या जागी जरा खोलगट असा जो सर्व्हायकल उशीचा आकार असतो तो पण चांगला, मान दुखत असेल तर घ्या, पण उंची आपली असली तर, नाहीतर नुसता आकार बघून काय उपयोग.

उशी जमली तरी माणूस झोपेत उताणा होतोच. ह्याला जुना उपाय म्हणजे बनियनच्या मागं पाठीच्या मधोमध खिसा शिवून त्यात टेनिसचा बॉल घालायचा, उताणं झालं की टोचतो. मी दोन बनियनला शिवून दिला, नीट, कडेला डबल शिलाई मारून. उपाय काम करतो पण बहुतेक लोक कंटाळून सोडून देतात असं डॉक्टर म्हणाले होते, आणि आमच्या घरातली ही व्यक्ती काही वेगळी नाही, सकाळी बॉल पलंगाखाली आणि पोरगा तोच घेऊन क्रिकेटला. मग बैठकीवरचा लोड काढला. चांगला कडक, दोन हात लांब, पाठीमागं खांद्यापासून कंबरेपर्यंत लावून ठेवला. मागं वळायला गेले की लोड अडवतो आणि टोचत पण नाही. पुढं एक उशी छातीशी धरायला, म्हणजे वरचा हात लोंबत नाही आणि खांदा पुढं ओढत नाही, आणि एक पातळ उशी गुडघ्यांच्या मधे, कंबरेसाठी. ह्या सगळ्या पसाऱ्यात मला पलंगाचा किती भाग उरतो ते विचारू नका. डावी कूस का उजवी असं विचाराल तर ॲसिडिटी असेल तर डावी बरी, जेवण वर येत नाही. आमच्याकडं रात्री उशिरा जेवण, वर शेंगाचटणी आणि कडक भाकरी, त्यामुळं डावीच. खांदा दुखला तर आलटून पालटून.

उताराची उशी, जिला वेज म्हणतात, ती वेगळं प्रकरण आहे. ज्यांना कुशीवर झोपताच येत नाही, खांद्याचं ऑपरेशन झालंय किंवा फ्रोझन शोल्डर आहे, त्यांनी तिचा विचार करावा. तिच्यात नुसतं डोकं नाही तर कंबरेच्या वरचं सगळं अंग चढावर येतं, म्हणून मान वाकत नाही. ऑनलाईन ज्या मिळतात त्यांतल्या कित्येक फार आखूड असतात, पाठीच्या मधेच संपतात आणि तिथं कंबरेला घडी पडते. फोमच्या दुकानात ४० डेन्सिटीचा कडक फोम आपल्या मापानं कापून देतात, २४ इंच लांब आणि डोक्याकडं ७ इंच उंच घेतला तर साधारण १६ अंशाचा उतार होतो, उंच माणसाला लांबी ३० घ्या. हा हिशोब आमच्या दहावीतल्या पोरानं करून दिला, ट्रिगनॉमेट्रीचा तेवढा तरी उपयोग झाला. आम्ही आमच्या मावससासऱ्यांसाठी करून घेतली, पहिल्या रात्री ते घसरत घसरत पायथ्याशी. गुडघ्याखाली एक लोड दिला तेव्हा थांबले. आणि वेजला खोळ सॅटिनची किंवा गुळगुळीत कापडाची अजिबात नको, जाड सुती शिवा, चेन मागच्या बाजूला.

काहीजण पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावतात. ब्राझीलमध्ये ह्यावर एक अभ्यास झालाय, २०१७ साली छापून आला, बेड डोक्याकडनं फक्त ७.५ अंश उचलला तरी एएचआय साधारण एक तृतीयांशानं कमी झाला. पण सव्वासहा फुटी पलंगाला ७.५ अंश म्हणजे डोक्याकडनं जवळजवळ १० इंच उचलायला लागतं, विटांवर विटा रचून, आणि त्या पलंगावर पोरं उड्या मारणार. मी नाही केलं.

नवी पेठेत एका दुकानात उशी बघताना पोरगं मला सांगायलं, मॅडम ही ॲन्टी-स्नोअर आहे, ह्यात मॅग्नेट आहे, एका आठवड्यात घोरणं बंद. मी म्हणलं डोकं ठेवून दाबलेली उंची किती राहते? तो म्हणे, तसं कोण विचारत नाही. घोरण्याचा आवाज कमी होणं आणि श्वास थांबायचा थांबणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आवाज बंद झाला म्हणून निर्धास्त राहणारे पण बघितलेत मी. म्हणून उशी बदलल्यावर टेस्ट परत करून घ्यायची. ह्यांची केली, नव्या उशीवर आणि लोड लावून, रात्रीचा बहुतेक वेळ कुशीवर गेला आणि एएचआय ९ वर आला. म्हणजे अजून सौम्य ॲप्निया आहेच. वजन उतरवायचं चाललंय, बीपीची गोळी चालू आहे, शनिवारची मित्रांबरोबरची बैठक बंद केली कारण दारूनं घसा आणखी ढिला पडतो, झोपेच्या गोळ्यांचं पण तसंच.

मशीनचा विषय निघाला की लोक घाबरतात आणि उशीकडं पळतात, ते मला पटत नाही. सीपॅप मशीन म्हणजे मास्कमधनं हवेचा सतत दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवायची, ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी १९८१ मध्ये ते जगापुढं मांडलं आणि आजपण मध्यम-गंभीर ॲप्नियाला त्याच्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही. एएचआय ४०-५० असलेल्या माणसाला मशीन सांगितलंय आणि तो उशी शोधत बसलाय, तर त्याच्या बायकोनं त्याला सरळ डॉक्टरकडं न्यावं. मशीन लावणाऱ्यांनी पण उशी बघायला पाहिजे, कारण कुशीवर झोपलं की मास्क उशीला घासून सरकतो आणि हवा गळते, रात्रभर फुस्स फुस्स. त्यासाठी दोन्ही कडांना कापलेला भाग असलेल्या उशा मिळतात. आमच्या कॉलनीतल्या एका काकूंना मी साध्याच उशीची कड आत घेऊन तसा खाचा शिवून दिला, नळी अडकवायला वर एक लूप, त्यांचं भागतंय. लाईट गेली तर काय ही त्यांची काळजी मात्र मला सोडवता येत नाही, त्याला इन्व्हर्टरच.

राहता राहिला प्रवास. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना अख्ख्या डब्यात कोण कोण घोरतंय ते सगळ्यांना माहीत असतंच. एसीच्या डब्यात मिळते ती उशी ह्यांना पुरत नाही आणि स्लीपरला तर काहीच मिळत नाही, म्हणून आम्ही घरनं आपली सोलापुरी चादर नेतो, घट्ट वळकटी करून, बांधायला दोन नाड्या, उंची टेप लावून ५ इंच. बर्थवर पाठ भिंतीला टेकवून, तोंड बाहेरच्या बाजूला करून झोपायचं, म्हणजे मागं वळायला जागाच राहत नाही, लोडाचं काम डब्याची भिंतच करते. शक्यतो खालचा बर्थ घ्या, वरनं पडायची भीती नको, आणि रात्री उठायला लागलं तरी सोपं जातं.